सावडीची भाजी

पाच दिवस दुसऱ्यांच्या खाचरात वाकून वाकून उज्वलाची कंबर मोडायला आली होती, पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या, आणि एवढं सगळं करून डोक्याला ताप कसला, तर भाजीचा! उद्या तिच्या घरची आवणी होती. सावडीचा नियम तसा साधा. आज मी तुझ्या खाचरात भात लावते, उद्या तू माझ्या खाचरात लाव. मजुरी नाही, रोज नाही. फक्त ज्याच्या घरची आवणी, त्यानं दुपारचं जेवण बांधावर आणायचं. भाकरी, भात आणि भाजी. भाकरीला कुणी नावं ठेवत नाही, भातालाही नाही. सगळं घोडं अडतं ते भाजीपाशी.

बुधवारी कमळाबाईच्या बांधावर बाया जेवायला बसल्या होत्या. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. डोक्यावर प्लास्टिकचे कागद ओढून, ताटलीत पाणी पडू नये म्हणून पुढं वाकून बारा-तेरा जणी जेवत होत्या. कमळाबाईनं वांग्याचा रस्सा आणला होता.

"रस्सा ब्येस झालाय कमळे, पन वांग्यानं मला खाज सुटती," चिमणाबाई म्हणाली आणि तिनं आणखी एक फोड ओढून घेतली.

"खाज सुटती तर खाती कशाला?"

"मंग काय उपाशी मरू?"

चिमणाबाई सगळ्यांत मोठी, सावडीची म्होरकी. कुणाची आवणी कधी, कुणाच्या घरून किती बाया, हे सगळं तीच ठरवायची. चैत्रात तिचा नवरा गेला होता. तीन महिने झाले नव्हते, तरी आवणीला पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांच्या पुढं वाकलेली होती आणि मागं राहिलेल्या पोरीसोरींना शिव्या घालत होती.

"भाजी म्हंजे परवा योगिनीची," कमळाबाई स्वतःच म्हणाली. "फ्लावर-वटाना. वर ती कसली पानं चुरून टाकलेली. हाटेलावानी."

योगिनी गेल्या वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली, बी. ए. झालेली. ती लाजली. उज्वला मनातल्या मनात चरफडली. फ्लॉवर! नाशकात द्वारका चौकाजवळ आठ वर्षं भाड्याच्या खोलीत तिनं फ्लॉवरच तर शिजवला होता. शिजताना सगळ्या जिन्यात गटार तुंबल्यासारखा वास, आणि ताटात आला की ना चव ना रस. पांढरा दिसतो, विकत आणावा लागतो, म्हणून त्याला मान. पण हे बोलायची सोय नव्हती.

"उद्या तुझ्याकडं ना गं उज्वले?" चिमणाबाईनं विचारलं. "काय करनार?"

"सांगा तुम्ही. काय करू?"

हे विचारलं आणि उज्वला फसली. एकीला दुधी आजाऱ्याची भाजी वाटत होती. दुसरीला गवारीनं पोटात वारं धरत होतं. भेंडी तिसरीच्या घशाखाली उतरत नव्हती, म्हणे तार सुटते. ढोबळी मिरची म्हणजे मिरचीही नाही आणि भाजीही नाही, असं कमळाबाईचं म्हणणं. बटाटा रोजचाच. मेथी या पावसात मिळते कुठं? आणि मिळाली तर तेवढी निवडायची कुणी?

"कायबी कर," शेवटी चिमणाबाई म्हणाली. "फक्त तुझ्या सासूचं गिलकं नको आनू."

सगळ्या जणी खदखदून हसल्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूनं, धोंडाबाईनं, बांधावर गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची पातळ भाजी आणली होती आणि पुढच्या वर्षी दोन घरं सावडीतून बाहेर पडली होती. त्यातल्या एका घरानं जमीनच विकली होती, दुसरं पोराकडं कल्याणला गेलं होतं. पण वाडीत नाव झालं ते गिलक्याचं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती, हे उज्वलाला माहीत होतं. रोप पस्तीस दिवसांचं झालं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते. शुक्रवारपासून या सगळ्या बाया घोटीकडच्या एका बागायतदाराकडं जीपनं रोजानं जाणार होत्या, ते आधीच ठरलेलं. म्हणजे उज्वलाच्या हातात एकच दिवस होता. गेल्या वर्षी बाया मिळाल्या नाहीत म्हणून अर्धं खाचर तसंच पडून राहिलं आणि माघात घरच्या खायच्या भाताला घोटीच्या बाजारात जावं लागलं. भात पिकवणाऱ्या घरानं भात विकत आणायचा! सासरे खंडेराव तेव्हा आठ दिवस पारावर गेले नव्हते. यंदा मी लावून दाखवते, असं उज्वला सगळ्यांसमोर बोलून बसली होती. नवरा शेखर गोंद्याच्या कंपनीत पाळीनं जायचा, सासूचे गुडघे गेलेले. वाकायचं होतं ते तिलाच.

संध्याकाळी ती घरी आली, पाय धुतले, बेचक्यांत हळद-तेल भरलं, तेवढ्यात धोंडाबाईनं टोपली पुढं सरकवली. गोठ्याच्या छपरावर गिलक्याचा वेल माजला होता.

"ह्ये बघ. कवळी लूस हायेत. उद्याची सोय झाली."

"आत्या, गिलकं नको. बाया खात नाहीत."

"कोन खात नाय? चिमणी? तिच्या बापाच्या घरी गिलक्याबिगर दुसरं काय शिजत नव्हतं. मला माहीत नाय व्हय?"

"सगळ्याच म्हणाल्या."

"मंग काय पायजे रानीसरकारांना? फ्लावर? उकाडलेला कापूस त्यो! मिठाच्या पान्यात घाल, कसे किडे तरंगत्यात बघ. गिलक्यात कधी किडा बघितला का तू?"

"गिलक्याला किडासुद्धा तोंड लावत नाही, आत्या!"

दारात बसलेले खंडेराव फिस्सकन हसले. ते हसायला नको होते. चाळीस वर्षं गिलकं मुकाट्यानं खाल्लेला माणूस हसला म्हटल्यावर धोंडाबाईचं तोंड एवढंसं झालं. तिनं टोपली उचलली आणि नेऊन म्हशीपुढं ओतली. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. तेही नेमकं सगळ्यांना दिसलं.

"बरं," धोंडाबाई म्हणाली. "तुझा दिस, तुझी भाजी. म्या एक शबूद बोलनार नाय."

आणि खरंच बोलली नाही. धोंडाबाईचा अबोला वाडीत प्रसिद्ध होता. बोलण्यापेक्षा तो जास्त ऐकू यायचा. भांडी आपटायची, पाटा सरकायचा, कोंबड्यांना उगाच हाकललं जायचं.

उज्वलानं शेखरला फोन लावला. मागं मशिनचा घरघराट चालू होता.

"पनीर कर ना," तो म्हणाला.

"पनीर! या वेळेला घोटीला कोण जाणार? शेवटची जीप गेली. येताना तुम्हीच आणा काहीतरी."

"मी सकाळी आठला सुटतो गं. तोवर तुमची निम्मी आवणी होईल."

"मग सल्ले कशाला देता?" तिनं फोन ठेवला.

खंडेरावांना विचारलं तर ते म्हणाले, "मला चिखलाचं इचार, पोरी. भाजीत मला ओढू नको." आणि ते घोंगडं घेऊन टिलरला डिझेल आहे का बघायला निघून गेले. कुठल्याही भांडणात या माणसाला टिलरचं डिझेल आठवायचं.

मग उरली सटाण्याची आई. आईनं सगळं ऐकून घेतलं. दुधी नको, गवार नको, भेंडी नको, वांगं आजच झालं.

"अवं, मी उन्हायामा दोन डांगर धाडेल व्हतात ना? ते कर," आई म्हणाली. "डांगर बेस शे. त्याले कोन नही म्हनी?"

उज्वलाला एकदम हलकं वाटलं. खरंच की! अख्ख्या बांधावर डांगराला, लाल भोपळ्याला, कुणीच नावं ठेवली नव्हती. दुधी, गवार, भेंडी, सगळ्यांचा उद्धार झाला, पण डांगराचं नाव एकीच्याही तोंडी आलं नव्हतं. माहेरी भंडाऱ्याला डांगराची भाजी सगळ्यांत आधी संपायची. गूळ, लाल मिरची, वरून भरडलेले धणे. ती बाजेखाली वाकली. दोन्ही डांगरं पोत्याखाली झाकून ठेवलेली, उन्हाळ्यात आली तशीच. कशी कुणाच्या लक्षात आली नाहीत, असं तिला वाटून गेलं, पण कंबर इतकी ठणकत होती की पुढचा विचार तिनं केला नाही.

पहाटे तिनं डांगर फोडलं. आत केशरी, दळदार. ओट्यावर विळी मांडून ती फोडी करत होती तेव्हा धोंडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं एकदा विळीकडं बघितलं, एकदा उज्वलाकडं. थापता थापता तिचा हात थांबला. उज्वलाला वाटलं, आता बोलणार. तोंड उघडलं की गिलक्याचं काढणार. म्हणून तिनं मान खाली घातली आणि फोडी जरा जोरातच टाकल्या. धोंडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी आवणी झकास सुरू झाली. खंडेरावांनी चिखल लोण्यासारखा केला होता. बाया ओळीनं वाकल्या, डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हातानं चार-चार काड्या चिखलात. मागं सरकायचं, काड्या खोचायच्या, पुन्हा मागं सरकायचं. पाठीवर कागद फडफडत होते. रोप जून झालं होतं, उपटताना मुळं तुटत होती, चिमणाबाईनं त्यावरून उज्वलाला दोनदा सुनावलं. "लेकरू घोडनवरं झालं मंग लगीन काढतेस व्हय गं?" सगळ्या हसल्या, उज्वलाही हसली. दुपारपर्यंत निम्म्याच्या वर खाचर हिरवं झालं. यंदा घरचा भात घरी येणार, हे तिला आता डोळ्यांनी दिसत होतं.

जेवणाची वेळ झाली. उज्वला घरी जाऊन भाजीचं पातेलं डोक्यावर घेऊन आली, मागं धोंडाबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन, काठी टेकत. बाया हात धुऊन बांधावर बसल्या. ताटल्या पुढं आल्या. उज्वलानं झाकण काढलं.

सगळ्या पातेल्यात डोकावल्या. आधी तिला वाटलं, वास आवडला असेल. मग दिसलं की कमळाबाईनं पुढं केलेली ताटली मागं घेतली आहे.

"उज्वले, काय हाय ह्ये?"

"डांगर."

"ते दिसतंय. कुनाचं दहावं हाय आज?"

उज्वलाला काही कळेना. ती हातात डाव घेऊन तशीच उभी. सगळ्यांच्या माना चिमणाबाईकडं वळल्या होत्या आणि चिमणाबाई पातेल्याकडं बघत होती.

"वहिनी," योगिनी तिच्या कानाशी लागली, "आपल्याकडं डांगर दहाव्यालाच करतात. एरवी कुणी चुलीवर चढवत नाही. मलापण सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

उज्वला मनातल्या मनात हिशेब करायला लागली. आठ वर्षं, नऊ वर्षं, किती झाली लग्नाला? नाशकात राहिलो, सणावाराला आलो आणि गेलो. दिवाळीत कायमचं राहायला आलो. चैत्रात चिमणाबाईच्या घरी दहावं झालं तेव्हा ती सटाण्याला चुलतभावाच्या लग्नात होती. सांगायचं कुणी? सांगणारी तर मागं उभी होती, भाकऱ्यांची पाटी घेऊन. सकाळी विळीकडं बघून हात थांबला होता तो यासाठी! एवढं ध्यानात आलं आणि तिला असा संताप आला की डाव फेकून मारावा.

दोघी जणी उठल्या. एकीनं खाचरातल्या पाण्यात हात बुडवले.

"आमी जातो बाई. चिमणामावशीच्या म्होरं आमाला घास उतरायचा नाय. आन आवनीच्या दिशी, हिरव्या रोपावर डांगर? काय पीक येनार हाय ह्यात?"

"अवं, बसा की," उज्वला म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं. मी शपथ घेते. दुसरं काहीतरी करते, अर्ध्या तासात पिठलं करून आणते."

"पिठल्याचा सवाल नाय गं."

तिसरी उठली. निम्मं खाचर हिरवं, निम्मं नुसता चिखल, आणि बांधाकडेला रोपाच्या मुठींचा ढीग. उद्या जीप येणार. उज्वला रडायच्या बेतात होती. तेवढ्यात धोंडाबाई पाटी खाली ठेवून पुढं आली.

"तिला कशाला बोलताय?" ती म्हणाली. "म्याच सांगितलं तिला. डांगर सडाया लागलं व्हतं, टाकवंना. म्हातारी झाले, ध्यानात नाय राह्यलं."

बांधावर एकदम गलका झाला.

"तुमी सांगितलं? मावशी, तुमी?" कमळाबाईनं हातच जोडले. "साऱ्या वाडीला रीत शिकवता. माझ्या सुनेनं शनवारी डोकं धुतलं तर दारात येऊन बोल्ला व्हता. आन सोता काय केलं ह्ये?"

"चुकलं."

"चुकलं म्हनून भागतंय?"

"नाय भागत," धोंडाबाई म्हणाली. ती मान खाली घालून उभी होती. चाळीस वर्षांत या बाईला वाडीनं मान खाली घालून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. उज्वलाला ते बघवलं नाही आणि तिचा राग गेलाही नाही. खोटारडी म्हातारी, आधी खड्ड्यात ढकलते आणि मग वरून हात देते!

"वाढ," चिमणाबाई म्हणाली.

कुणाला ऐकूच आलं नाही. तिनं ताटली पुढं केली.

"उज्वले, वाढ म्हनते ना."

"मावशी, नको. मी..."

"वाढ गं."

उज्वलानं दोन फोडी वाढल्या. चिमणाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, फोड कुस्करली, घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. उठलेल्या बाया उभ्याच होत्या.

"त्यांच्या दहाव्याला दोनशे मानूस डांगर जेवलं," ती म्हणाली. "भाजी लय झ्याक झाली म्हनत व्हते समदे. म्या कोपऱ्यात पडलेली. घासबी नाय खाल्ला."

"नको बोलू आता ते," कमळाबाई म्हणाली.

"बोलू दे की. ह्यांना डांगर लय आवडायचं. द्राक्षाच्या छाटनीला सटान्याकडं जायचे ना, तिकडं खाऊन यायचे. घरी आलं की म्हनायचे, चिमणे, येकदा कर की गं तसलं डांगर, गूळ घालून. म्या म्हनायची, त्वांड सांभाळा, मानसं जिती हायेत घरात." तिनं दुसरा घास घेतला. "तीस वर्षं मागितलं त्यांनी. केलं कवा, तर ते नसताना. दोनशे जनांनी खाल्लं, आन ज्यानं मागितलं त्याला नाय मिळालं."

पाऊस पडतच होता. चिमणाबाईच्या ताटलीत पाणी साचत होतं आणि ती तसंच खात होती. उभ्या राहिलेल्यांपैकी एक जण खाली बसली. मग दुसरी. कमळाबाईनं नाक पुसलं आणि ताटली पुढं केली. भाजी आवडली असं कुणी म्हणालं नाही, योगिनीनं तर पाण्याबरोबर गिळली. पण पातेलं रिकामं झालं, आणि चिमणाबाई उठून पुन्हा सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली.

पाचच्या सुमाराला शेवटची मूठ लागली. बाया ओढ्यावर पाय धुऊन घरोघरी गेल्या. उज्वला बांधावर बसली. धोंडाबाई पातेलं घासायला पाण्यापाशी टेकली होती. दुपारपासून उज्वलानं तिला काय काय बोलायचं ते मनात रचून ठेवलं होतं.

"सकाळी तुम्ही बघितलं होतं ना मला डांगर कापताना?"

"बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

धोंडाबाई पातेल्याच्या बुडाला राख घासत राहिली.

"तुझी फजिती व्हावी वाटलं," ती म्हणाली. "चार बायांत. जिरावी म्हनून गप बसले."

इतकं सरळ उत्तर येईल असं उज्वलाला वाटलं नव्हतं.

"चिमणीचं ध्यानातच नाय आलं मला," धोंडाबाई म्हणाली. "आईच्यान सांगते, ती तिथं बसलेली असंल, ह्ये डोक्यातच नाय आलं. झाकन काढलंस आन तिचं त्वांड बघितलं, तवा..." तिनं ओल्या हातानंच डोळ्याला पदर लावला.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," उज्वला म्हणाली. "दोन दिवस मी तुमच्याशी बोलणार नाही."

"बरं," धोंडाबाई म्हणाली.

तिनं उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरले होते, उठता येईना. हाक मारायची सोय नव्हती, म्हणून ती तशीच पाण्याच्या कडेला बसून राहिली. उज्वलानं थोडा वेळ बघितलं, मग काही न बोलता जाऊन तिच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं.

दुसऱ्या डांगराचं काय करायचं, ते घरी पोचेपर्यंत दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. दिवेलागणीला धोंडाबाई ते डोक्यावर घेऊन बाहेर पडलेली खंडेरावांना दिसली. कुठं निघालीस, असं त्यांनी विचारलं.

"चिमणीकडं," ती म्हणाली. "गूळबी घेतलाय. फोटोम्होरं ठेवील ती."